मळक्या कोपऱ्यांचा पारखी

साल एकोणीसशे सत्त्याण्णव. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होतो, आणि कसबा पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी हुसेनभाई बाइंडर नावाचा एक माणूस होता, जो वकिलाची लायकी त्याच्या पुस्तकांच्या मळावरून ठरवायचा.

कोर्टातल्या निम्म्या वकिलांची पुस्तकं बांधायला त्याच्याकडे यायची. पुस्तक हातात आलं की हा आधी पानांचे कोपरे बघणार. कोपरे कोरे करकरीत असले की पुस्तक नाकापासून लांब धरायचा. "सोनेरी अक्षरं टाकायला सांगितलीत साहेबांनी. आत पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. नवरा-बायकोसुद्धा इतके चिकटून राहत नाहीत." आणि कोपरे काळे, दुमडलेले, मध्ये चहाचा डाग असला, की खुशीत मान हलवायचा. "हा वाचतो."

त्यामुळे पेठेत कुणाला वकील लागला की लोक कोर्टात जायच्या आधी बाइंडरकडे जायचे. भाडेकरूचं भांडण असेल तर अमुक, वाटणीचं असेल तर तमुक. परदेशी जायचं-यायचं काही असलं, पासपोर्ट अडला, व्हिसा नाकारला, कुणाची सून तिकडची आणि इथं राहायचा परवाना संपत आलाय, तर एकच नाव. शिवाजीनगर कोर्टामागे बसणाऱ्या एक वकीलबाई. "त्यांचं पुस्तक चार वेळा सुटून आलंय माझ्याकडे. दुसऱ्या कुणाकडे जायचं असेल तर खुशाल जा, रस्ता सरकारी आहे."

कुणी विचारलं, "पण काम होईल ना, हुसेनभाई?" की तो हातातली सुई खाली ठेवायचा.

"कोपरे बघा आणि तोंड बघू नका. जो आधीच होईल म्हणून सांगतो, त्याच्याकडे चप्पलसुद्धा काढू नका."

माणूस सरळ होता, पण तिरकस. दुपारी एक ते चार दुकान उघडं असायचं, हा आत बसलेलाही असायचा, पण बोलायचा नाही. समोर उभं राहून हाक मारली तर म्हणायचा, "दुकान उघडं आहे, मी बंद आहे."

एक गोष्ट मात्र तो कुणासाठी करायचा नाही. कुणाचा अर्ज भरून द्यायचा नाही. अक्षर मोत्यासारखं, तरी नाही. म्हातारी कोतारी यायची, पोस्टातला फॉर्म असला तरी नाही. "मी पुठ्ठा लावतो. लिहिणारे दुसरे."

त्या वर्षी माझ्यावर त्याच्याकडे जायची पाळी आली. मी तिसरी शिकलेला तांबट. चाळीस वर्षं घंगाळं आणि हंडे ठोकले, कुणापुढे हात पसरला नाही. पण धाकटी मुलगी अमेरिकेत, ओहायोला, आणि तिला पाचवा महिना. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलेलं. जावई दिवसभर कामावर. फोनवर ती एकच बोलली, "आईला पाठवा," आणि मग नुसतीच रडत राहिली.

आमच्या हिचा पासपोर्ट काढायला गेलो तर खिडकीतला म्हणाला, "रेशनकार्डावर वैजयंती आहे. शाळेच्या दाखल्यावर चंद्रभागा. ही चंद्रभागा कोण?"

मी म्हटलं, "कुणी नाही. लग्नात मी तिचं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहिलं, सगळ्या वऱ्हाडादेखत."

"तांदळाची प्रत आणलीय का?"

मागची रांग हसली. मी फॉर्म उचलला आणि घरी आलो. तिसरी शिकलेल्या माणसानं तांदळात वैजयंती लिहिलं होतं, एकही काना-मात्रा न चुकता. आणि हा मला प्रत मागतो!

हुसेनभाईनं सगळं ऐकून घेतलं. "वकीलबाईंकडे जा, नाना. दोन नावं, बाई एक. रोजचा प्रश्न आहे त्यांचा."

"वकील कशाला मध्ये? तुम्ही रकाने भरून द्या. चंद्रभागा लिहायचंच नाही, म्हणजे मिटलं."

"मी लिहीत नाही."

"एवढं अक्षर काय लोणचं घालायला ठेवलंय?"

"घातलंय," तो म्हणाला आणि खळीत ब्रश बुडवून कामाला लागला.

माझं डोकं फिरलं. लक्ष्मी रस्त्यावर एका माडीवर एक एजंट बसायचा, तडक तिथं गेलो. त्यानं खुर्ची दिली, चहा दिला, मला काकासाहेब म्हणाला. म्हणाला, वैजयंती नावाचा जन्माचा दाखला काढून देतो, हवी ती तारीख घालू, पंधरा दिवसांत काकू विमानात. फक्त शाळेचा मूळ दाखला उद्या सकाळी आणून द्या, तो नाहीसा करू. मी हो म्हणालो. परत येताना हुसेनभाईच्या दुकानासमोर मुद्दाम थांबून त्याला हे सगळं मोठ्यानं ऐकवलं.

संध्याकाळी तो आमच्या घरी आला. तीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा जिना चढला होता. धापा टाकत खुर्चीच्या अगदी कडेला बसला. हिनं पाणी दिलं, ते सगळं प्यायला.

"नाना, माझी एक बहीण आहे. जुबेदा. कराचीला दिलेली."

मला ठाऊक नव्हतं. गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

"वीसेक वर्षं झाली. अम्मी आजारी पडली, वाचेल असं वाटेना. जुबेदाला बोलवायचं ठरलं. तिचा अर्ज इथून मीच भरून पाठवला. माझं अक्षर चांगलं." तो भांडं हातात फिरवत होता. "कुठं जायचंय, असा एक रकाना होता. मी मुंबई लिहिलं. बोट मुंबईला लागते ना. मुंबईला आली की पुण्याला आलीच. आपण काय कुणाला विचारून जातो-येतो?"

"मग?"

"व्हिसा मुंबईचा मिळाला. शिक्क्यात ज्या गावाचं नाव, तेवढंच गाव. तिथंच मावशीच्या घरी अकरा दिवस बसून होती. इथं अम्मी दाराकडे तोंड करून पडलेली."

"अहो, चोरून आणायची! रात्रीत पोचली असती."

"मीही तेच म्हणालो. जुबेदा म्हणाली, धरलं तर तुला आत टाकतील, मग अम्मीजवळ कोण? बरोबर होतं तिचं." त्यानं रिकामं भांडं खाली ठेवलं. "बाराव्या दिवशी मीच मुंबईला सांगायला गेलो. ती तशीच परत गेली. कबरसुद्धा बघितली नाही तिनं."

त्याचा आवाज जराही बदलला नव्हता. वाटणीच्या वकिलाचं नाव सांगतो तसंच सांगत होता.

"हुसेनभाई, तुम्ही तर खरं लिहिलं होतं," तो म्हणाला, "असं कुणी मला म्हणेल. नुसतं न विचारता लिहिलं होतं, नाना. तुम्ही तर खोटं लिहायला निघालात. तिथं विमानतळावर वहिनींना उलटं फिरवलं, तर पोरगी अंथरुणात पडून काय करेल?"

मी विचारलं, "मग नंतर बहीण आली नाही का?"

"अर्ज कोण भरणार?"

"ती वकीलबाई आहे की तुमची. सगळ्या पेठेला धाडता तिच्याकडे."

"हो. विचारायचंय एकदा." तो उठला. "त्यांचं पुस्तक परत द्यायला गेलो की तेवढं राहतंच."

तो जिना उतरून गेला. ही आतून आली, माझ्या पिशवीतून शाळेचा दाखला काढला आणि ट्रंकेत ठेवला.

"चंद्रभागा काय चोराचं नाव आहे?" ती म्हणाली. चाळीस वर्षांत ते नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एजंटाकडे गेलो नाही. हिला घेऊन शिवाजीनगरला गेलो. वकीलबाईंनी दोन्ही कागद समोर ठेवले, हिलाच सगळं विचारलं, मला मध्ये बोलू दिलं नाही. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करू, वर्तमानपत्रात जाहिरात देऊ, महिना-दीड महिना लागेल. बाळंतपणाआधी पोचायला वेळ आहे, पण व्हिसा देणं-न देणं अमेरिकेवाल्यांच्या हातात, त्याची खात्री मी देत नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, करा.

ही उठली. मी बसूनच राहिलो.

"अजून काही आहे का?" बाईंनी विचारलं.

"आहे. माझं नाही. आमच्या गल्लीतल्या माणसाची बहीण आहे, कराचीला. तिला इकडे बोलवायचं तर काय करावं लागतं?"

बाईंनी कोरा कागद ओढला. "नाव?"

"जुबेदा. पुढचं त्याला विचारून सांगतो."

"आणि यायचंय कुठं?"

"पुणे," मी म्हणालो. "बाकी सगळं मागनं लिहा. आधी पुणे लिहा."