तोलून सादर करावे

राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांचे गुणदोष तोलून सात दिवसांत अहवाल सादर करावा, असे परिपत्रक निघाले. आवक कारकुनाने त्यातला 'तोलून' हा एकच शब्द नीट वाचला आणि कागद वजनमापे कार्यालयाकडे पाठवून दिला.

तिथल्या निरीक्षकांच्या निवृत्तीला सव्वीस दिवस उरले होते. एकतीस वर्षांत त्यांनी खोट्या वजनावर कधी शिक्का मारला नव्हता, आणि मिरवण्यासारखे त्यांच्याकडे तेवढेच होते. हे काम आपले नव्हे, असे त्यांनी साहेबांना सांगून पाहिले.

"परत पाठवलं तर आपल्याला तोलता येत नाही असा अर्थ निघेल," साहेब म्हणाले. "आणि शिक्का तुमचाच लागेल."

गोदामातला मोठा तराजू पुसून घेण्यात आला. एक उमेदवार दातांचे डॉक्टर, दुसरे साबणाचे कारखानदार. दोघांचे गुण बांधीव खंडांत, ट्रक भरून आले. दोषांच्या रकान्यात मात्र दोघांनीही 'निरंक' लिहून सही ठोकली होती. निरंकाचे वजन किती धरावे याचा नियम सापडेना, म्हणून दोष जनतेकडून मागवावेत असे ठरले.

जनता पोती घेऊन हजर झाली. डॉक्टरांच्या माणसांनी कारखानदारांचे दोष आणले, कारखानदारांच्या माणसांनी डॉक्टरांचे. आपापल्या माणसाचेही थोडे आणा, अशी निरीक्षकांनी विनंती केली. तेव्हा एका निवृत्त मुख्याध्यापिकेने त्यांना शांतपणे समजावले, की आमच्याकडे असतात ते दोष नसतात, ती परिस्थिती असते. यावर दोन्ही रांगांचे प्रथमच एकमत झाले. 'परिस्थिती' असा तिसरा रकाना आखावा लागला आणि सगळ्यांत आधी तोच भरला.

डावे पारडे डॉक्टरांचे, उजवे कारखानदारांचे. दोषाच्या प्रत्येक पोत्यामागे तेवढे गुण उतरवायचे. सकाळी डॉक्टर जड भरले, दुपारी कारखानदार. निरीक्षकांनी तराजू रिकामा करून पाहिला, तर काटा सरळ. मग त्यांच्या लक्षात आले, की बघायला वाकणारा प्रत्येक जण नकळत एका पारड्यावर अंगठा टेकवत होता.

त्यांनी सगळ्यांना बाहेर काढले, दार लावले आणि एकट्याने पुन्हा तोलले. डॉक्टर जड. निरीक्षकांचा जीव भांड्यात पडला. शिक्का घ्यायला त्यांनी उजवा हात पुढे केला, आणि आपला डावा अंगठा त्यांना डॉक्टरांच्या पारड्यावर दिसला. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांची दाढ न दुखवता काढली होती. निरीक्षकांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्यांनी अहवाल लिहिला: 'तराजू निर्दोष आहे. तोलणाऱ्या प्रत्येकाचा अंगठा पारड्यावर असतो व ते त्यास ठाऊक नसते. प्रस्तुत निरीक्षकही यात आले. सबब शिक्का नाकारण्यात येत आहे.'

अहवाल देशभर गाजला. डॉक्टरांच्या माणसांनी त्याच्या प्रती काढून कारखानदारांच्या माणसांना वाटल्या, त्यांनी त्या साभार परत केल्या. निरीक्षकांच्या बायकोने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "अगदी खरं लिहिलंत हो. आमचा दादा अस्साच आहे."

हे कुणाला पाठवायचे, ते वाचकांनीही एव्हाना ठरवले असेलच. पाठवायला अंगठाच लागतो.