आधी तुकडा, मग पिशवी

अनारसा हातात आला की कुमुदताई आधी तो उजेडाकडे धरतात. जाळी निरखतात, मान हलवतात आणि चारचौघांत म्हणतात, "पाळी जायच्या वयात बाईच्या पिशवीचं अस्तर कधीकधी अस्संच दिसतं बघा." मग ताटातला दुसरा अनारसा कुणी उचलत नाही.

नांदेडला आमच्या शेजारी त्या एकट्या राहतात. खाली लॅब, वर घर. डॉक्टर आहेत, पण पेशंट तपासत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांनी काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रस्त्यात भेटलेली बाई त्यांना ओळखू येत नाही. तिचा तुकडा मात्र आठवतो. "हां, त्या मुखेडच्या! लई देखणं अस्तर होतं."

आमच्याकडे चाळिशीनंतर बाईच्या अंगावरून जास्त जायला लागलं की घरोघर एकच सल्ला : पिशवी काढून टाक, मोकळी हो. सोयाबीन निघालं की जावाजावा जोडीनं ऑपरेशनला जातात. कुमुदताई त्यावर खवळतात. "आधी तुकडा, मग पिशवी! नळ गळतो म्हणून कुणी घर पाडतं का?"

माझ्यावर वेळ आली तेव्हा लातूरच्या नणंदेनं ऑपरेशनची तारीखच घेऊन ठेवली होती. कुमुदताईंनी मला फाटकात अडवलं. "आत काय हाय ते बघितल्याशिवाय जायचं न्हाई. कॅन्सर असला तर ऑपरेशन वेगळं, नसला तर गोळ्यांवर भागंल."

तोवर हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. मी लातूरच्या डॉक्टरीणबाईंना सांगून ऑपरेशनआधी तुकडा काढून घेतला. मी नणंदेकडे थांबले आणि नवरा तुकड्याची बाटली घेऊन एसटीनं नांदेडला निघाला. औषधाच्या वासानं बसमधले लोक कुरकुरले, म्हणून यानं अहमदपूरच्या स्टँडवर ते सगळं ओतून दिलं, बाटली विसळली आणि नळाचं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी कुमुदताईंच्या हातात देताना वर अभिमानानं म्हणाला, "एकदम स्वच्छ करून आणलंय."

"सायेब," त्या म्हणाल्या, "ते फॉर्मालिन होतं. तुकडा टिकावा म्हणून घालतात. आता यात मला काय दिसंल, डोंबल?"

पुन्हा तुकडा, पुन्हा वाट बघणं. शाळेत पेपर तपासताना मी एकाच उत्तराला दोनदा गुण द्यायला लागले.

एका संध्याकाळी कुमुदताई आमच्या दारात. त्यांचा रिपोर्ट डॉक्टरकडे जातो. पेशंटच्या घरी त्या कधी जात नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "कॅन्सर नाही. अस्तर जाड झालंय, पण पेशी साध्या हायेत. गोळ्या घ्या, काही महिन्यांनी परत बघू. पिशवी राहू द्या."

नवऱ्यानं आतल्या खोलीत जाऊन जोरात नाक शिंकरलं.

"डॉक्टरीणबाईंना विचारलं मी, हे मला सांगू द्या म्हणून," कुमुदताई पदराशी चाळा करत म्हणाल्या. "इतकी वर्षं तुकडे बघून राहिले. चांगलं निघालं तरी सांगतं दुसरंच कुणी. ऐकताना बाईचं तोंड कसं होतं, मी कधी बघितलंच न्हाई."

चहा नको म्हणाल्या, पण दारातून हलेनात.

मला सगळं पहिल्याच वेळी समजलं होतं. तरी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हटलं, "नीट बसून पुन्हा एकदा सांगा, ताई."