कॅल्क्युलसनं अडवलेली लग्नं

कीर्ती कॅल्क्युलसमध्ये नापास झाली, ही बातमी सुदामनं आधी फारशी मनावर घेतली नाही. बाकी सगळ्या विषयांत पोरगी पास, एकातच गेली, त्यात काय एवढं! करंजाच्या बंदरावरून मासळी भरून तो रोज पनवेलच्या बाजारात आणायचा. त्याच्या टेम्पोचंही एखादं चाक अधूनमधून बसायचंच, म्हणून काय कुणी टेम्पो भंगारात काढतं? त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या वर्षी काढ म्हणाला.

"बाबा, पुढचं वर्षच मिळणार नाय," कीर्ती म्हणाली.

तिच्या कॉलेजानं गणिताचा नवा अभ्यासक्रम आणला होता. पूर्वी विषय राहिला तरी केटी घेऊन पुढं सरकता यायचं. आता प्रत्येक विषयाला पूर्वअट. दुसऱ्या वर्षाचं कॅल्क्युलस सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाच्या अॅनालिसिसला बसता येत नाही, आणि अॅनालिसिस नाही तर डिग्री नाही. सुदामला हे काही केल्या पटेना. शेवटी कीर्तीनं त्याला त्याच्याच भाषेत समजावलं. "मनिषाच्या आधी माझं लगीन व्हायला पायजे, असं तुमीच बोलता ना? तसंच हाय हे. थोरलं झाल्याबिगर धाकट्याला पुढं जाता येत नाय."

हे मात्र सुदामला चटकन पटलं, आणि पटल्याबरोबर पुढचा घोटाळाही दिसला. कारण कीर्तीची डिग्री झाली की तिचं लग्न, आणि तिचं झालं की धाकट्या मनिषाचं, असं त्यानंच ठरवून ठेवलं होतं. मनिषाचं करंजाच्या भावेशशी जमलं होतं. भावेश बंदरावर टेम्पोत मासळीच्या पेट्या चढवायचा आणि मनिषा सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर पेट्या बघायला जायची. पेट्यांकडे कोण किती बघत होतं ते देवालाच ठाऊक. पण दोन्ही घरांनी मुकाट्यानं होकार दिला होता आणि येत्या वैशाखाकडे सगळे डोळे लावून बसले होते.

बातमी करंजाला पोचली आणि तिथं वेगळाच घोळ झाला. भावेशच्या पाठीवर त्याचा भाऊ होता. त्याचं बेलपाड्याच्या मुलीशी ठरलेलं, पण थोरल्याआधी धाकट्याला बोहल्यावर कसं चढवायचं? बेलपाड्याच्या त्या मुलीलाही पाठची बहीण होती आणि तिच्यासाठीही स्थळ येऊन थांबलेलं. थोडक्यात काय, तर पनवेलच्या एका पोरीच्या एका पेपरानं खाडीकाठची निम्मी लग्नं अडकवून ठेवली. बेलपाड्याच्या मुलीचे आजोबा तुळशीराम यांनी तर सुदामला फोन करून आपल्याला डोळ्यांदेखत नातीचं लग्न बघायचंय, तेव्हा त्या कॅल्क्युलसचं काय ते लवकर बघा, असं बजावलं.

सुदामची बायको प्रमिला बाजारात मासळी विकायची. तिला तर तोंड लपवायला जागा उरली नाही. गिऱ्हाईक पापलेटचा भाव विचारायच्या आधी शेजारच्या कोळणी तिला, कॅल्क्युलसला काही उतार पडला का, असं विचारायच्या, जसं काही घरात म्हातारं माणूस आजारी आहे. प्रमिलानं एकवीरेला नवस बोलून टाकला. भावेशची आई शांती हिनं निरोप पाठवला की पोरीला गणित सोडायला आणि मराठी घ्यायला लावा. मराठीत कुणी अडत नाही. मनिषानं बहिणीशी बोलणं टाकलं. कीर्तीनं एकदाच, मग हिचं आधी लावा की, असं म्हणून पाहिलं, पण सुदामनं तिला असं काही झापलं की तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. पुस्तक घेऊन खिडकीत बसली.

शेवटी सुदामनं इस्त्रीचा शर्ट घातला, कीर्तीला टेम्पोत बसवलं आणि कॉलेज गाठलं. टेम्पोचा मासळीचा वास दोनदा पाणी मारूनही गेला नव्हता, तो दोघांच्या कपड्यांबरोबर आत आला. गणिताच्या विभागप्रमुख आभा मॅडमनी खिडकी जरा उघडली, पण खुर्ची मात्र आपुलकीनं पुढं सरकवली. सुदामनं सगळं सांगितलं, बेलपाड्याच्या आजोबांसकट, आणि हात जोडून अट काढायची विनंती केली.

मॅडम हसल्या नाहीत, ही त्यांची मोठी कृपा. त्या म्हणाल्या, "काका, आम्ही उगीच अट घालत नाही. पुढच्या विषयात मागच्या विषयातलं पावलोपावली लागतं. नाही लागलं, तर ती अट आम्ही स्वतःच काढून टाकतो. आता मला सांगा, धाकटीच्या लग्नात थोरलीच्या लग्नातलं काय लागतं?"

सुदामनं एकेक बोट मोडायला घेतलं. त्यानं मनापासून आठवून पाहिलं. हळद लागते, ती नवी आणतात. ब्राह्मण लागतो, तो कुठं थोरला जावई असतो? मांडव लागतो, तोही भाड्याचा. चार लोक काय म्हणतील, एवढं एकच त्याला सापडलं. आणि ती चार माणसं तर आता स्वतःच कधी एकदा लग्न होतंय म्हणून त्याचा जीव खात होती.

"नाय," तो शेवटी म्हणाला. "काय लागत नाय, मॅडम." मग कीर्तीकडे न बघता म्हणाला, "मनिषाचं लावतो या वैशाखात."

हे ऐकलं आणि कीर्ती उठली. मॅडमनी विषयाची तयारी बघायला फळ्यावर मघाशीच एक गणित लिहून ठेवलं होतं, त्याकडे ती इतका वेळ पाठ करून बसली होती. तिनं खडू घेतला आणि न थांबता, एकही ओळ न पुसता, ते खालपर्यंत सोडवून टाकलं. सुदामला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण मॅडमचा चेहरा वाचता येत होता.

"अगं, हे येतं तर परीक्षेत काय झालं होतं?" मॅडमनी विचारलं.

कीर्ती खडूच्या हातानंच डोळे पुसायला लागली. "मॅडम, डिग्री झाली की माझं लगीन होतं," ती म्हणाली. "मला अजून शिकायचंय. वाटलं होतं, माझं लांबलं की बाबा मनिषाचं आधी लावतील."

सुदामला भडभडून आलं. केवढी हुशार पोर, आणि बापाला एक शब्द बोलण्यापेक्षा तिला नापास होणं सोपं वाटलं! त्यानं आपला रुमाल काढला, त्याचा वास आठवून परत खिशात कोंबला आणि शर्टाच्या बाहीनं तिचा पांढरा झालेला गाल पुसला. मग मॅडमकडे वळून म्हणाला, "आमच्या घरात ही बी एक अट व्हती, मॅडम. डिग्री झाली का लगीन. तीबी काढली. हिला पायजे तवा करंल, पायजे तर करंल."

मॅडमनी उठून फळ्यावरच्या गणिताला बरोबरची खूण केली. पण विभागप्रमुख त्या विभागप्रमुखच. चष्मा सारखा करून त्या म्हणाल्या, तुमच्या अटी तुम्ही काढल्यात, छान झालं, माझी मात्र आहे तशीच राहील. फार तर अॅनालिसिसच्या वर्गात बसू देते, पण कॅल्क्युलसची परीक्षा हिला दिवाळीआधी पुन्हा द्यावीच लागेल, आणि पास व्हावं लागेल.

"व्हईल की," सुदाम म्हणाला. "आता कशाला नापास व्हते ती?"