दादाचं न हलणं

आमचा देवाजीदादा उभ्यानं जेवायचा. एका हातात ताट, दुसऱ्यात घास, आणि पाय अंगणात. लग्नाच्या पंगतीत बसवला, तर भात यायच्या आत उठून तोच वाढायला लागायचा. बालाघाटच्या कचेरीत तो चपराशी होता; साहेबांनी दिलेल्या स्टुलावर त्यानं पाण्याचा माठ ठेवला होता. कुणी "बस गा, देवाजी" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मी का कोंबडी हाओ, बसून राहाले?"

मग त्याच्या डाव्या छातीत कॅन्सर निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी इलाज नाही म्हणून परत पाठवला. बरगड्यांतली कळ अशी, की आडवं होता येईना. तो खांबाला टेकून डुलक्या घ्यायचा आणि अनसूयावहिनी जागून बरगड्या शेकायची. मी सरकारी दवाखान्यात नर्स. रडून कळ जात नाही, हे रोज बघत होते. मी त्याला सरळ आमच्या सर्जनसमोर नेऊन उभा केला.

"रोग जाणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण कळ मारता येईल. पाठीच्या कण्यात अल्कोहोलची सुई देऊ. ते आतल्या पाण्याहून हलकं, वर चढतं. म्हणून दुखरी कूस वर करून तासभर निजायचं. हललात तर भलत्याच नसा मरतील. पाय जाऊ शकतात."

"दारूच हाय तं तोंडानं नाही चालत का, साहेब?" दादानं विचारलं.

वॉर्डातली आया मला म्हणाली, "सिस्टर, रस्सी लाऊं क्या?" सगळा वॉर्ड हसला.

दादा कसाबसा उजव्या कुशीवर निजला. सुई गेली. "आग होऊन राह्यली, सुमे."

"होऊ दे. हलू नको."

नाकावर माशी बसली, मिशीवरून सावकाश फिरली. दादा ढिम्म. समोर स्टुलावर वहिनी त्याचा हात धरून डोळे पुसत होती. तो ओठही न हलवता पुटपुटला, "काहून रडून राह्यली व? मेलो का मी?"

मी मान वर करून वॉर्डभर पाहिलं. आता कुणी हसत नव्हतं. माझा भाऊ होता तो.

तास झाला. डॉक्टरांनी बरगडीवर टाचणी टोचून पाहिली. "कळ?"

"गेली, साहेब."

"शाबास! आता हललात तरी चालेल."

दादा हललाच नाही. मी ओरडले, "दादा, पाय हलव ना!"

त्यानं पायाचा अंगठा तेवढा हलवून दाखवला.

"हळू बोल," तो कुजबुजला. वहिनीचं डोकं त्याच्या तळहातावर कलंडलं होतं, तोंड उघडं. "कितीक दिसाची जागी हाय थे. निजू दे."