करपलेली पुस्तकं

म्हातारपणी माणूस शहाणा होतो ही अफवा आहे. मी एका बाईची करपलेली भाकरी साऱ्या जगाला दाखवली आणि वर आठवडाभर स्वतःचीच पाठ थोपटत बसले. हे माझ्या तरुणपणीचं, म्हणजे मी पासष्टीला टेकले होते तेव्हाचं. पण माझा मूर्खपणा नीट कळायचा तर आधी भोये गुरुजी कळायला हवेत.

भोये गुरुजी पुस्तकाला चांगलं-वाईट म्हणत नाहीत. त्यांच्याकडे शेरे तीनच. कच्चं, भाजलं आणि करपलं. त्यातलं करपलं हा सर्वांत वरचा. हे ठाऊक नसल्यामुळे जव्हारच्या वाचनालयात नव्यानं लागलेली मुलगी एकदा त्यांच्यावर चांगलीच घसरली होती. गुरुजी पुस्तक परत देताना खुशीत म्हणाले, "पार करपलं हो! मधलं प्रकरण तर कोळसा!" पुस्तकाला धुराचा वास येतच होता. तिनं पान न् पान उलटून पाहिलं आणि डाग सापडला नाही म्हणून जास्तच चिडली.

त्यांचं घर मोखाड्याच्या पलीकडे एका पाड्यावर. अधूनमधून जीपनं जव्हारला यायचं, पिशवीभर पुस्तकं बदलायची आणि परतीची जीप भरेपर्यंत माझ्याकडे चहा घ्यायचा, हा त्यांचा नेम. आम्ही दोघंही शाळेतून निवृत्त झालेले. मी जव्हारला शिकवलं, त्यांनी पाड्यापाड्यांवर. डिसेंबर सरत आला की ते वर्षभराच्या पुस्तकांचा निकाल लावत.

"यंदा तीनच करपली, बाई."

"आणि ती जाडजूड ऐतिहासिक कादंबरी?"

"कच्ची. राजा घोड्यावर बसेपर्यंत पीठ संपलं."

"कविता?"

"कविता गोड असते. पण तवा तापायच्या आत संपते."

मी हसायची. गुरुजी हसत नसत. मग एका डिसेंबरात मी हट्टच धरला, की करपणं म्हणजे काय ते मला दाखवाच. गुरुजी जरा घुटमळले. म्हणाले, "दाखवायसारखं नाही काही. पण चला."

मी गेले. चुलीपुढे त्यांच्या पत्नी, सोमीवहिनी, नाचणीच्या भाकऱ्या थापत होत्या. वहिनी शाळेत गेलेल्या नाहीत, पण पाड्यावर कुणाकडे पाहुणे आले की भाकऱ्या करायला त्यांनाच बोलावतात. गुरुजी पाटावर बसले, चष्मा पुसला आणि वाचायला लागले. खुनाची गोष्ट होती. खुनी दाराआड उभा, नायक बेसावध, आणि वहिनींचा हात हवेतच. "आरं मेल्या, मागं बघ की! मागं हाय तो!" त्या पुस्तकावर ओरडल्या. तव्यावरची भाकरी धुरायला लागली, तरी त्यांचं लक्ष नाही. गुरुजींनी तव्याकडे पाहिलं. पान उलटलं आणि आवाज थोडा चढवला. भाकरी काळी ठिक्कर झाली तेव्हा गुरुजींच्या तोंडावर जे काही पसरलं, ते मी माझ्या संसारात कुणाच्या तोंडावर कधी पाहिलं नाही. मग ती काळी भाकरी ते दुधात कुस्करून मिटक्या मारत जेवले.

हे सगळं डोळ्यांत साठवून घ्यायचं सोडून मी काय केलं? दारात उभी राहून फोनमध्ये घेतलं.

त्या काळात मी तशीच होते. सकाळी तोंडात कवळी बसवायच्या आधी हातात फोन. जास्वंदीचा फोटो टाकायचा आणि कुणी अंगठा दिला का ते चहा निवेपर्यंत बघत बसायचं. जन्मभर पोरांना 'दुसऱ्याच्या पाटीत डोकावू नका' म्हणून दटावणारी बाई मी! परतताना चढावर रेंज आली आणि मी जीपमध्येच व्हिडिओ टाकून दिला. मथळा दिला, 'करपलेल्या भाकरीचा पुरस्कार.' स्वतःच्या विनोदावर मी इतकी हसले की शेजारचा माणूस सरकून बसला.

अंगठ्यांचा पाऊस पडला. मी तर हवेतच. दाभोशाचा धबधबा बघायला येणारी मंडळी वाट वाकडी करून पाड्यावर जाऊ लागली. "काकू, आमच्यासाठी पण एक करपवा ना! इकडे बघा. जरा हसा." वहिनी बिचाऱ्या ठेवणीतलं लुगडं नेसून चुलीपुढे बसायच्या. भाकरी व्हायची चंद्रासारखी, आणि पाहुणे हिरमुसायचे. शेवटी एकदा त्यांनी पाहुण्यांचं मन राखायला भाकरी मुद्दाम तव्यावर ठेवली, जळू दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी पुस्तक मिटलं आणि एवढंच म्हणाले, "कच्चं."

हे मला फार मागाहून कळलं. पुढच्या डिसेंबरात गुरुजी आले, चहा घेतला, निकालाचं नाव काढीनात. मीच विचारलं.

"यंदा सगळी कच्ची, बाई."

आणि मी, शहाणी, त्यांना म्हणाले, "गुरुजी, प्रसिद्धी पचवायला शिकलं पाहिजे." त्यांनी कप खाली ठेवला, बशी सरळ केली आणि मोखाड्याच्या बाजारातली गोष्ट सांगितली. वहिनी सुकी मासळी घ्यायला गेल्या होत्या. तिथं एका बाईनं दुसरीला कोपरानं ढोसलं: "ती बघ, नवऱ्याला करपल्या भाकरी घालते ती." दोघी हसल्या. वहिनी मासळी न घेताच घरी आल्या. तेव्हापासून एकही भाकरी करपली नव्हती.

त्या दुपारी मी माझं खातं बंद केलं. फोन पुन्हा पुन्हा विचारत होता, नक्की ना? विचार करा, नक्की ना? लग्नाच्या वेळी मला कुणी एकदाही विचारलं नव्हतं. खात्याबरोबर व्हिडिओही गेला, पण तोवर तो कुणाकुणाच्या फोनात जाऊन बसला होता. तो कसा परत आणायचा?

दुसऱ्या दिवशी फोन घरी ठेवून पाड्यावर गेले. वाटेत डोळ्यांना काही कामच नव्हतं, म्हणून कित्येक वर्षांनी खिडकीबाहेर पाहिलं. वहिनींनी "ये गं बाय, बस" म्हणून पाणी दिलं, पण नजर माझ्या पिशवीवर.

"फोन नाही आणला, वहिनी. चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं? भाकर तर मीच करपवली ना."

मी पाणी प्याले.

संध्याकाळी चूल पेटली. गुरुजींनी वाचायला घेतलं. होडी घेऊन एकटीच समुद्रात गेलेल्या एका बाईची गोष्ट होती. वादळ आलं, डोलकाठी मोडली, मी पाटासकट पुढे सरकले. वहिनींनी मात्र दाराकडे पाहिलं, मग तव्याकडे, मग पुन्हा दाराकडे. भाकरी टम्म फुगली. एक डाग नाही. त्यांनी ती उतरवून टोपलीत ठेवली. हसल्याही. पाहुण्यांपुढे हसतात तसं.

गुरुजी थांबले. त्यांनी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं, वहिनींपुढची परात स्वतःकडे ओढली आणि बाह्या सरसावत म्हणाले,

"आता तुम्ही वाचा, बाई. माझा आवाज आला की ती आधी दाराकडं बघते, कुणी फोन धरून उभं आहे का म्हणून. भाकऱ्या मी थापतो. माझ्या सगळ्याच करपतात, मग तिला कोण काय हसणार?"