जावक क्रमांक एक्केचाळीस

शिक्का करून घ्यायचं पोचरावांनी ठरवलं, ते केवळ वेळ वाचावा म्हणून. निदान शिक्केवाल्याला तरी त्यांनी तेच कारण सांगितलं.

बायको जाऊन दोन महिने झाले होते आणि तिच्या नावाने येणारं टपाल थांबायचं नाव घेत नव्हतं. वाचनालयाचं स्मरणपत्र, चष्म्याच्या दुकानाची सवलत, दातांच्या डॉक्टरांचं ‘बऱ्याच दिवसांत आपली भेट नाही’. (हे मात्र खरं होतं.) प्रत्येक पाकिटावर ‘परत. पत्तेदार हयात नाही’ असं लिहायचं आणि टपालवालीच्या हाती द्यायचं, असा त्यांचा क्रम होता. आठ पाकिटांवर त्यांनी हाताने लिहिलं. नवव्याला पेन चालेना. दुसरं घेतलं, तेही चालेना. तेव्हा बिघाड पेनात नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते शिक्केवाल्याकडे गेले.

शिक्केवाल्याने मजकूर वाचला, चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि धंद्याचं बोलायला लागला.

“शाई कुठली देऊ?”

“लवकर वाळणारी.”

“मग जांभळी. तारखेची चाकं बसवू का? रोज बदलता येते.”

“नको,” पोचराव म्हणाले. “ही तारीख बदलत नाही.”

पोचराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्याच्या आवक-जावक टेबलावर त्यांची बावीस वर्षं गेली होती आणि कोणाच्या हातात कागद पडला की ‘पोच द्या’ हे शब्द त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडत. लग्नाला होकार मिळाला तेव्हाही त्यांनी तो लेखी मागितला होता, अशी बायकोची जन्माची तक्रार होती. (कागद कपाटात होता. तारखेसकट.)

शिक्का आल्यावर काम झटपट व्हायला लागलं. पोचरावांनी घरीही एक वही घातली, जावक क्रमांक टाकून प्रत्येक परत गेलेल्या पाकिटाची नोंद ठेवली. पाकीट फोडून बघण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडणं म्हणजे त्यांच्या लेखी दुसऱ्याच्या ताटातला घास उचलण्यासारखं होतं. शिवाय तिचं नाव वाचून झालं की त्यांची नजर त्या पाकिटावर फार वेळ ठरत नसे. शिक्का पटकन आणि सरळ बसे. शिक्का सरळ बसला की त्यांना जरा बरं वाटे.

घरात आता दोघंच. पोचराव आणि अकरा वर्षांची मुलगी. तिला आईने ठेवलेलं नाव टाचणी. अंगाने तशीच, आणि तोंड उघडलं की नेमकी टोचायची जागा सापडायची.

“बाबा, जेवलात?”

“बहुतेक.”

“ताट कोरडं आहे.”

“मग नसेन जेवलो.”

टाचणीचं प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष संपलं होतं. परीक्षा झाली होती. आता गुण आणि माध्यमिक शाळेतली जागा, दोन्ही एकाच पाकिटातून येणार होती. अर्ज आईने भरला होता. अंथरुणात, पाठीशी दोन उशा लावून, मांडीवर ट्रे घेऊन. टाचणी शेजारी बसून कुजबुजत होती. पोचराव दारातून डोकावले तेव्हा दोघी गप्प झाल्या.

“मी बघू का एकदा?”

“तुम्ही जावक बघा,” बायको म्हणाली आणि पाकीट चिकटवून त्यांच्या हातात दिलं.

पोचरावांनी ते रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि पोच जपून ठेवली. आत काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं, पण विचारण्यासारखं काही आहे असंही वाटलं नाही. पहिली पसंती पुलापलीकडची मोठी शाळा, हे उघडच होतं. तिथपर्यंत चालत किती मिनिटं लागतात ते त्यांनी दोनदा मोजूनही ठेवलं होतं. (एकदा चष्मा घरी राहिला म्हणून परत यावं लागलं. ती मिनिटं वजा केली होती.)

एका मंगळवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरून आल्या.

“आमच्या नातीचं आलं हो पाकीट! पुलापलीकडची मिळाली. तुमचं?”

“येईल.”

“सगळ्यांची एकाच दिवशी टाकतात म्हणे.”

“टाकतात एकाच दिवशी, काकू. पोचण्याचं निराळं असतं. बावीस वर्षं हेच करतोय.”

“तसं नव्हे, नापासांची मागाहून येतात म्हणतात,” काकू टाचणीच्या डोक्यावरून मायेने हात फिरवत म्हणाल्या. “आणि पुढच्या मंगळवारी एकच्या आत संमतीपत्र द्यायचंय बरं का. नाही दिलं तर जागा प्रतीक्षा यादीला जाते.”

“मुदत पाकीट मिळाल्यापासून मोजतात,” पोचरावांनी नियम सांगितला. असा नियम त्यांच्या खात्यात होता.

बुधवारी पाकीट आलं नाही. गुरुवारी नाही. टाचणीने प्रश्नपत्रिका काढली आणि परीक्षेतली गणितं पुन्हा सोडवायला घेतली. शुक्रवारी संध्याकाळी वही घेऊन ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

“बाबा, चौथं चुकलंय.”

“एकाने काय होतं?”

“एकानेच होतं.”

“अगं, पुलापलीकडची नाही मिळाली तर दुसरी एखादी मिळेल.”

“मला पुलापलीकडची नकोच आहे,” ती म्हणाली आणि चौथ्या गणितावर काट मारली. तिचा ओठ थरथरला तसा पोचरावांनी घाईघाईने विषय बदलला. (विषय बदलून ते टपाल खात्याच्या ढिसाळपणावर बोलले. वीस मिनिटं.)

फोन करून विचारा, असं काकूंनी सुचवलं. पोचराव फोन करणारे नव्हते. फोनची पोच मिळत नाही. त्यांनी टपाल खात्याविरुद्ध दोन पानी तक्रार लिहिली, तिची प्रत काढली आणि मंगळवारी सकाळची अर्धी रजा टाकून दारातच टपालवालीला गाठलं. टाचणी मागे उभी होती. त्या आठवड्यात ती बारीक झाली होती, आणि मुळात बारीक व्हायला तिच्याकडे काही नव्हतंच.

“हे काय, काका?”

“तक्रार. तुमच्याविरुद्ध. वाचा आणि पोच द्या.”

तिने सायकल भिंतीला टेकवून दोन्ही पानं मन लावून वाचली.

“तपकिरी पाकीट, खिडकीचं? गेल्या मंगळवारी दिलं की तुमच्या हातात.”

“शक्य नाही.”

“आणि बुधवारी तुम्हीच मला परत दिलंत. जांभळा शिक्का मारून. वर म्हणालात, नीट न्या, शाई ओली आहे.”

टाचणी आत पळाली ती जावकची वही घेऊनच आली. बोट फिरवत तिने वाचलं, “एक्केचाळीस. तपकिरी. सरकारी. परत.” मग वही मिटली.

“अर्ज आईच्या नावाचा होता, बाबा. म्हणजे पाकीट आईच्याच नावाने येणार ना. तो माझा निकाल होता.”

टपालवालीने तक्रारीची दोन्ही पानं पुन्हा एकत्र केली.

“मग,” टपालवालीने हळूच विचारलं, “या तक्रारीवर पोच देऊ का?”

“द्या,” पोचराव म्हणाले. सवय वाईट.

शिक्षण कार्यालयात पोचेपर्यंत बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. बस मिळाली नाही म्हणून निम्मं अंतर ती दोघं पळाली होती. खिडकी क्रमांक चारची रांग सरायला आणखी वीस मिनिटं गेली. खिडकीमागे एक बाई बसल्या होत्या. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर, समोर उतरत्या क्रमाने लावलेल्या फायली. पोचरावांनी ओळखलं, आपल्याच जातकुळीतली.

“अर्जदार कोण?”

“माझी पत्नी.”

“त्यांना पुढे येऊ द्या.”

‘पत्तेदार हयात नाही’ हे वाक्य पाच महिन्यांत पोचरावांना एकदाही तोंडाने म्हणावं लागलं नव्हतं. शिक्का म्हणत होता. त्यांचा हात खिशाकडे गेला. शिक्का घरी होता.

“आई वारली,” टाचणी म्हणाली. खिडकी तिच्या हनुवटीपर्यंत येत होती.

बाईंनी फाइल शोधून काढली. “हो, तशी नोंद आहे आमच्याकडे. जांभळ्या शाईत. अर्जदार मयत, फाइल बंद. जागा एक वाजता प्रतीक्षा यादीला जाईल.”

“पण मुलगी इथे उभी आहे!” पोचरावांना वाचा फुटली.

“मुलगी अर्जदार नाही.”

“मी वडील आहे तिचा.”

“असाल. पालक म्हणून तुमची सही कुठेच नाही.” बाईंनी पान उलटलं आणि तिथेच थांबल्या. कपाळावरचा चष्मा खाली आला. “तुमचा उल्लेख आहे. पण पालक म्हणून नाही.”

“मग?”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, टाचणीकडे पाहिलं. “गणितात एक चुकलं का गं तुझं?”

“चौथं.”

“त्यानेच जाणार होती जागा. एका गुणाने. देखभालीचे पाच मिळाले म्हणून पहिल्या पसंतीची शाळा बसली.”

“देखभालीचे?” पोचरावांनी विचारलं.

“घरात सतत देखभाल लागणारी व्यक्ती असली, तर जास्तीचे पाच गुण मिळतात.”

पोचरावांना उलगडा झाला. बायकोचं ते वर्ष, त्या दोन उशा, ती औषधांची रांग. आणि बावीस वर्षांचा कारकून त्यांच्यात ताठ उभा राहिला.

“मग हे सांगणं माझं कर्तव्य आहे,” ते म्हणाले, “की ते पाच गुण आता लागू होत नाहीत. ती व्यक्ती…”

टाचणीने त्यांच्या बुटावर टाच रोवली. पण वाक्य अर्ध्यावर सोडणं त्यांना जमलं नसतं.

“…आता घरात नाही.”

टाचणीने डोळे मिटून घेतले. बाईंनी मात्र अर्ज फिरवून खिडकीतून बाहेर सरकवला. “आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्यासमोरच उभी आहे.”

अक्षर बायकोचं होतं. ट्रेवर लिहिलेलं, जरा उजवीकडे घसरत गेलेलं. पहिली पसंती: पाणीपुरवठा कार्यालयासमोरची शाळा. (बावीस वर्षं पोचरावांच्या खिडकीतून तिची घंटा ऐकू येत होती. मधल्या सुट्टीत ते खिडकी लावून घेत.) त्याखाली देखभाल लागणाऱ्या व्यक्तीचा रकाना. नाते: पती. स्वरूप: वस्तू समोर असून सापडत नाहीत. जेवलो का हे आठवत नाही. विचारल्याशिवाय बोलत नाहीत. शाळा कार्यालयासमोर असल्याने मुलगी मधल्या सुट्टीत जाऊन पाहू शकेल.

पोचरावांनी ते दोनदा वाचलं. पेन कुठेही अडखळलं नव्हतं.

“पण आजारी तर ती होती,” ते म्हणाले.

“मी पण तेच म्हटलं तिला,” टाचणी म्हणाली. “ती म्हणाली, अर्जात खोटं लिहायचं नाही. निकाल येईल तेव्हा घरात जो असेल, त्याचंच लिहायचं. आणि मला म्हणाली, चांगला अभ्यास कर, ही जागा गेली तर त्यांच्याकडे दुपारी कोण बघणार.”

खिडकी क्रमांक तीनवर कोणीतरी मोठ्याने खोकत होतं. पोचरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काही फरक पडला नाही.

“बारा पन्नास,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता जरा खाली आला होता. “फाइल उघडायचा मला अधिकार आहे. संमतीपत्रावर इथे सही करा, हयात पालक म्हणून. आणि त्याखाली, देखभाल लागणारी व्यक्ती म्हणून.”

पोचराव खिसे चाचपायला लागले. “पेन…”

“कानावर आहे,” टाचणी म्हणाली.

पहिली सही त्यांनी केली. पेन चाललं. दुसऱ्या सहीपाशी मात्र हात थांबला, आणि टाचणीने घड्याळाकडे पाहिलं.

“बाई, एक राहतंय,” पोचराव म्हणाले. “या दुसऱ्याला पुरावा लागत असेल. डॉक्टरांचा दाखला, काहीतरी. नुसत्या तोंडी सांगण्यावर पाच गुण तुम्हाला देता येणार नाहीत. आणि दहा मिनिटांत मी दाखला कुठून आणू?”

बाईंनी फाइलीच्या तळातून एक तपकिरी पाकीट वर काढलं. चिकटवलेलं, न फोडलेलं. वर जांभळा शिक्का, अगदी सरळ बसलेला.

“करा सही,” त्या म्हणाल्या. “पुरावा तुम्हीच पाठवलाय.”