भालबांचं डावं चाक

एका जंगलात, बाळांनो, भालबा नावाचे एक अस्वल राहत होते. 'होते' म्हणायचं, 'होतं' नाही. मान फार लागतो त्यांना. त्यांच्याकडे चारही चाकं जोर लावणारी एक दणकट गाडी होती, आणि आपल्याला सगळं येतं असा एक समजही होता. गाडी जुनी होती. समज त्याहून जुना.

दोन महिने गाडीच्या पुढच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज येत होता.

"अहो, माझ्या पायाशी घूं घूं होतंय," त्यांची बायको इरावतीबाई दर वेळी सांगायच्या.

"तू गप्प बसलीस की थांबेल," भालबा म्हणायचे.

पण आता वेळ आणीबाणीची होती. लेक पहिलटकरीण. तिचं सासर ओढ्यापलीकडच्या डोंगरावर. तिथं फक्त हीच गाडी चढायची. रविवारी तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं. सोमवारी आठवा महिना लागत होता, आणि आठव्यात पोरीला हलवू देणार नाही, असं विहीणबाईंनी बजावलं होतं. रविवार हुकला की बाळंतपण तिकडेच. इकडे इरावतीबाईंचे मधाचे लाडूसुद्धा वळून झाले होते.

म्हणून भालबांनी गाडी खवले मिस्त्रींकडे नेली. हे खवलेमांजर. गाडीखाली घुसायला देवानंच चिलखत घालून पाठवलेलं. मिस्त्रींनी चाक उचललं, गरगर फिरवलं, कान लावला.

"डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. तसंच डोंगरावर नेलंत तर चाक वाटेत राम म्हणेल. ठेवून जा, शनिवारी संध्याकाळी देतो."

"छे! एवढ्याशा कामाला?" भालबा म्हणाले. "बेअरिंग द्या. घरीच बदलतो."

मिस्त्रींनी बेअरिंग दिलं. मग अंगाचं वेटोळं केलं आणि आतल्या आत थोडा वेळ हसून घेतलं.

भालबांनी एका परदेशी पांढऱ्या अस्वलाचा व्हिडिओ पाहिला होता. त्यानं हेच काम बारा मिनिटांत केलं होतं. शनिवारी सकाळी भालबा गाडीसमोर उभे राहिले, छाती फुगवली, डावा पंजा पुढे केला आणि म्हणाले, "हे डावं!"

बारा मिनिटं संपली तेव्हा ते पहिल्याच नटाशी झटत होते. चाक निघालं, तर आतला हब निघेना. हब निघाला, तर बेअरिंग निघेना. दुपारपर्यंत चाकात लागलं त्याहून जास्त ग्रीस भालबांना लागलं होतं. इरावतीबाईंनी जेवणाचं ताट अंगणातच आणून ठेवलं. घरात पाऊल टाकायची परवानगी नव्हती.

संध्याकाळी नवं बेअरिंग बसलं. जुनं त्यांनी धुऊनपुसून शोकेसमध्ये मांडलं.

शेजारच्या वानरानं ते उचलून बोटावर फिरवलं. "काका, हे तर काय मस्त फिरतंय!"

"तुला नाही कळायचं," भालबा म्हणाले. "आतून गेलंय ते."

रविवारी सकाळी लाडवांचा डबा घेऊन दोघं निघाली. गाडी वडापर्यंत गेली असेल नसेल, घूंऽऽ! इरावतीबाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

पिशवी भरून अंगणात वाट बघत बसलेली लेक भालबांना डोळ्यांपुढे दिसायला लागली.

"इरा, माझ्या शहाणपणापायी पोर तिकडंच राहणार गं," ते म्हणाले. त्यांना रडूच आलं.

इरावतीबाई उतरल्या आणि तडक मिस्त्रींना घेऊन आल्या.

"कुठलं चाक खोललंत?" मिस्त्रींनी विचारलं.

"डावं."

"दाखवा बरं."

भालबा गाडीसमोर जाऊन उभे राहिले आणि डावा पंजा पुढे केला.

"मालक," मिस्त्री म्हणाले, "गाडीचं डावं गाडीत बसून ठरतं. समोर उभं राहून नाही."

भालबांनी एकदा पंजाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. मग हळूच पाठ वळवून उभे राहिले. खरं डावं चाक नेमकं तिथं होतं, जिथं इरावतीबाईंचे पाय असतात.

मिस्त्रींनी पिशवीतून आणखी एक बेअरिंग काढलं. "येतानाच घेऊन आलो. या महिन्यातले तुम्ही पाचवे."

दीड तासात घूं गेलं.

तिन्हीसांजेच्या आत लेक गाडीत बसली. पुढे, आईच्या जागेवर, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन.

"बाबा, आवाज गेला की हो! कुणी केलं?"

"मी घरच्या घरी बेअरिंग बदललं," भालबा म्हणाले. तसं खोटं नव्हतं ते.

"खरंच, आई?"

"हो गं," मागून इरावतीबाई म्हणाल्या. "स्वतःच्या हातानं. उजवं."

तात्पर्य: डावं-उजवं करू नये, असं तुम्हाला मोठी माणसं सांगतील, बाळांनो. ऐकू नका. आधी गाडीत बसा, शेजारी बसणारी काय म्हणते ते ऐका, आणि मग खुशाल डावं-उजवं करा. हे मला कसं कळलं, ते मात्र विचारू नका. आमच्या शोकेसमधलं बेअरिंग अजून मस्त फिरतं.